शनिवारची बाटली

घरी बिअर करणारा माणूस दुकानातून बिअर विकत का आणतो, या प्रश्नावर आमच्या लॅबमध्ये मी लागायच्या आधीपासून चर्चा चालू होती. महाडच्या एमआयडीसीतली आमची कंपनी औषधांना लागणारी पावडर करायची. लॅबमध्ये आम्ही सात जण आणि सर आमचे प्रमुख. ते पोलादपूरच्या पुढे, उमरठच्या रस्त्याला एका वाडीत राहायचे. घरी नाचणीची बिअर करायचे आणि दर शनिवारी संध्याकाळी पोलादपुरातल्या एका दुकानातून बिअरची एक बाटली विकत घ्यायचे. एकच. हे सगळं सगळ्यांना ठाऊक होतं, कारण सरांनीच सांगितलं होतं. विचारलेलं सांगायचं आणि न विचारलेलंही सांगायचं, अशी त्यांची पद्धत होती.

"घरी करता तर विकत कशाला?" असं प्रॉडक्शनच्या मॅनेजरनी विचारलं तेव्हा सरांनी सांगितलं, रिकाम्या बाटल्या लागतात. कँटीनवाल्यानं विचारलं तेव्हा म्हणाले, पाहुण्यांना माझी आवडत नाही. मला म्हणाले, आपल्या नमुन्याशेजारी एक ओळखीचा नमुना ठेवावा लागतो, नाहीतर आपलं काय चुकतंय ते कळत नाही. ही तिन्ही उत्तरं खरी होती. सरांना खोटं बोलता येत नसे. पोहता न येणारी माणसं असतात ना, तसं. पण बाटली आणायचं कारण या तिन्हींत नव्हतं. ते मला पहिल्याच वर्षी काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, सांगितलं.

ते सांगतेच, पण आधी माणूस कसा होता ते कळायला हवं. नाहीतर कारण ऐकून तुम्ही म्हणाल, एवढंच?

सर अंगानं काडी. शर्टाच्या खिशात पेन, पेनाशेजारी थर्मामीटर आणि थर्मामीटरशेजारी आंबटपणा मोजायच्या कागदी पट्ट्यांची पुडी. ही पुडी लॅबमध्ये कमी आणि बाहेर जास्त निघायची. कँटीनच्या ताकात पट्टी, लग्नातल्या कढीत पट्टी. आमच्या एका सहकाऱ्याच्या साखरपुड्याला त्यांनी भर पंगतीत कढीत पट्टी बुडवली, रंग बघितला आणि आचाऱ्याला बोलावून आकडा सांगितला. आचारी म्हणाला, बरं. सर म्हणाले, चांगला आकडा आहे. तरी आचारी दिवसभर घुश्शात होता आणि आमच्या ओळीला त्यानं दुसऱ्यांदा कढी वाढली नाही.

लॅबमध्ये 'वाटतं' हा शब्द चालत नसे. रंग जरा पिवळट वाटतोय म्हटलं की, "वाटतं कशाला? मोजा." एकदा मी सकाळी फोन करून कळवलं की ताप आल्यासारखं वाटतंय, आज येत नाही. सरांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "घरी थर्मामीटर आहे का? नसेल तर पाठवतो." आणि पाठवला. कंपनीच्या बसच्या ड्रायव्हरबरोबर, डबीत घालून. दोन दिवसांनी मी कामावर गेले तर आधी थर्मामीटर परत मागितला आणि मग तब्येत विचारली.

आणखी एक. कंपनीच्या फाटकाच्या आत मी 'मॅडम' आणि 'तुम्ही'. पुस्तकात छापावं असं मराठी. फाटकाबाहेर बसचं दार लागलं, की मी 'गो' आणि 'तू'. मी पोलादपूरचीच, त्यामुळे घरी जायची बस एकच. आत ज्या माणसानं मला "मॅडम, हा रिपोर्ट पुन्हा लिहा" म्हणून पानभर लाल केलेलं असायचं, तोच बाहेर शेजारी बसून आईची चौकशी करायचा, "काय गो, आवस बरी हाय ना तुजी?" सुरुवातीला मला हे झेपायचंच नाही. रुसून बसले तरी आतल्या सरांवरचा रुसवा बाहेरच्या सरांना कळायचा नाही. ते आपले खिडकीतून कुणाची लावणी झाली, कुणाची राहिली, ते बघत बसायचे.

त्यांच्या घरी ओटीवर, देवांच्या तसबिरींपासून जरा लांब, चौकट करून लावलेला एक कागद होता. दारू पिण्याचा आजीवन परवाना. आलेल्या माणसाला पाणी देण्याआधी ते हा परवाना दाखवत. मी म्हटलं, सर, हा पिण्याचा झाला, करण्याचा कुठाय?

"आंबिलीला लागतो काय परवाना?"

मी म्हटलं, आंबील चढत नाही.

"मोजली हायस?"

 ते कायद्याच्या अलीकडे होते की पलीकडे, हे मला आजही माहीत नाही. एवढं खरं की त्यांनी कधी कुणाला एक थेंब विकला नाही आणि फुकट घ्यायला कुणी तयार नसायचं.

कारण ती बिअर. काकू नाचणी भिजवायच्या, फडक्यात बांधून मोड आणायच्या, सावलीत सुकवून जात्यावर भरडायच्या. पोरांना सत्त्व करतात तसंच, फक्त घमेलं भरून. त्यात थोडे सातू. इथपर्यंत सगळं काकूंचं. मग सर यायचे. भरड घातलेलं पाणी पासष्ट अंशावर ठेवायचं, तेही चुलीवर, तेही तासभर. काकू चुलीशी आणि सर पातेल्याशी. "लाकूड भायेर. आत. जरा भायेर." एक दिवस काकू कंटाळल्या, त्यांनी पाण्यात बोट बुडवलं आणि म्हणाल्या, झालं तुमचं. सरांनी थर्मामीटर बघितला. बरोबर पासष्ट. सरांनी ते वहीत लिहून ठेवलं: 'बोट, अचूक.' ती वही मी स्वतः बघितली आहे.

मग बिअरला कडवटपणा यावा म्हणून पोस्टानं मागवलेला पाला घालून उकळायचं, जुन्या धोतरातून गाळायचं, ओढ्याच्या पाण्यात पातेलं ठेवून निववायचं आणि यीस्ट टाकून मोठ्या कॅनमध्ये भरून माजघराच्या कोपऱ्यात गोणपाटात गुंडाळून ठेवायचं. तो कॅन रात्रंदिवस बुडबुड करायचा. काकू म्हणायच्या, घरात आणखी एक माणूस हाय असं समजायचं, निदान जेवायला मागत नाय.

चव विचाराल तर मी घेत नाही. पण वास घेणं हे माझ्या नोकरीतच येतं, आणि सर म्हणायचे, तुझं नाक चांगलं हाय. म्हणून महिन्यातून एखाद्या रविवारी मला त्यांच्या घरी बोलावणं असायचं. दोन पेले, एकात घरची, एकात शनिवारची. मी वास घ्यायचा आणि सांगायचं. घरच्या बिअरला कधी ओल्या गोणीचा वास यायचा, कधी पिकल्या केळ्याचा. दुकानच्या बिअरला बिअरचा यायचा. मी तसं सांगितलं की सर खूश होऊन लिहून घ्यायचे. ज्यांनी ती प्यायली, ते सांगायचे की पहिल्या घोटाला माणूस विचारात पडतो आणि दुसऱ्या घोटाला पाणी मागतो.

एकदा वाडीची पाण्याच्या योजनेची बैठक त्यांच्या ओटीवर होती. कशेडीच्या बोगद्याचं काम चालू होतं ते दिवस. बैठक ऐन रंगात आली आणि आतून धडाम. थोड्या वेळानं पुन्हा धडाम. एक म्हातारबा म्हणाले, बोगद्याचं काम आज जोरात हाय. सर म्हणाले, "नाय, माज्या बाटल्या हायेत. भरताना साखर जास्त पडली." सगळे मान डोलावून हसले आणि पुन्हा पाण्यावर आले. माणसानं खरं सांगितलं तरी कुणी विश्वास ठेवत नाही, असं मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. सर प्रत्येक आवाजाला घड्याळ बघून वेळ लिहीत होते. बैठक संपेपर्यंत अकरा बाटल्या गेल्या आणि टाकी वरच्या अंगाला बांधायचं ठरलं.

तर हा असा माणूस. आता त्याला एक धाकटा भाऊ.

धाकट्यानं मुंबईला बरीच वर्षं नोकरी केली, मग गावी परत आला आणि पोलादपुरात महाबळेश्वरच्या रस्त्याला बिअरचं दुकान काढलं. आंबेनळीतून खाली उतरणारे आणि वर जाणारे, दोघांनाही तहान लागते, असा त्याचा हिशेब. दुकानाची पूजा वैशाखात. मुंबईचे पाहुणे, बायकोकडचे लोक, अख्खी वाडी. माल दोन दिवस आधी आलेला, पण फ्रीज यायला उशीर झाला होता, म्हणून खोकी बाहेर पायरीवर. पूजा झाली. धाकट्यानं पहिली बाटली फोडली आणि पहिला पेला, सगळ्यांच्या समोर, थोरल्या भावाच्या हातात दिला. मान म्हणून. दादानं एक घोट घ्यायचा आणि पेला वर करायचा, एवढंच.

सरांनी वास घेतला. पेला उजेडाला धरला. पुन्हा वास घेतला. मग म्हणाले, "ही उन्हात ऱ्हायलीय. खराब झालीय. विकू नको."

हे मला काकूंनी सांगितलं, मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले तेव्हा, मोड आलेल्या नाचणीचं फडकं सोडता सोडता. म्हणाल्या, "खरं असेल गो. पन त्या दिवशी बोलायचं व्हतं काय? सासरा समोर बसलेला त्याचा." धाकट्यानं पेला परत घेतला, मोरीत ओतला आणि त्या दिवसापासून भावाशी बोलणं बंद. थोरल्यानंही पहिलं बोलायचं नाही, कारण थोरल्यानं वाकायचं नसतं. धाकट्यानं बोलायचं नाही, कारण अपमान त्याचा झालेला. आमच्याकडे हे असं एकदा बसलं की बसलं. शिमग्याला दोघं एकाच पालखीला खांदा द्यायचे, एकानं काढला की दुसऱ्यानं लावायचा, आणि तोंडातून चकार शब्द नाही.

पण पूजेच्या पुढच्याच शनिवारी सर त्या दुकानात गेले आणि एक बाटली विकत घेऊन आले. काकू म्हणाल्या, "बाटलीबिटली काय नाय गो. भावाला बघून येतात. आठवड्यातून एकदा. बाकी सगळ्या थापा हायेत." थापा नव्हत्या त्या. मी म्हटलं, बोलायचंच असेल तर तोंड उघडून बोलावं ना! काकू हसल्या. तू नवीन हायस, म्हणाल्या.

मी पुढे कितीतरी शनिवारी बसमधून उतरल्यावर ते बघितलं आहे. सर रांगेत उभे राहायचे. पाळी आली की गल्ल्यावर नोट ठेवायची. गल्ल्याआड काय चालायचं ते रस्त्यावरून दिसत नसे, थोड्या वेळानं समोरून बाटली यायची. दोघं एकमेकांकडे बघायचे, अर्धं मिनिट असेल नसेल. मग सर बाटली पिशवीत घालून स्टँडवर ठेवलेल्या स्कूटरकडे. खरं सांगते, मला राग यायचा. लॅबमध्ये दिवसभर माझं डोकं खाणारा माणूस तिथं मुका! दोन शब्द टाकले असते तर काय जात होतं? असं नऊ वर्षं चाललं. त्यातली सहा मी बघितली.

मग सरांच्या अंगठ्यानं दगा दिला. पायाचा अंगठा. एका सकाळी टमाट्यासारखा फुगला, चादर लागली तरी कळ मस्तकात. महाडच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. रिपोर्ट डॉक्टरांच्या आधी सरांनी वाचला आणि युरिक ॲसिडच्या आकड्याखाली स्वतःच लाल रेघ मारून तो पुढे केला. डॉक्टर म्हणाले, बिअर बंद. सरांनी विचारलं, घरची की दुकानची? डॉक्टर म्हणाले, बिअर.

घरची त्यांनी त्याच दिवशी बंद केली. कॅन धुऊन काकूंना कोकमाच्या आगळाला देऊन टाकला. वहीच्या शेवटच्या पानावर तारीख घातली, खाली सही केली. कुणाला वाटेल, एवढी वर्षं केलेली गोष्ट, जीव हळहळेल. काही नाही. मला वाटतं, बिअर त्यांना कधी आवडतच नव्हती.

पण शनिवार आला आणि सर कावरेबावरे झाले. पाय जमिनीला टेकवत नव्हता. मी शुक्रवारी बघायला गेले होते, तेव्हा मला जवळ बसवून म्हणाले, "उद्या येवढी बाटली आनशील काय? त्याच्याकडची." मी म्हटलं, सर, तुम्हाला बंद केलीय. ते म्हणाले, "प्यायला नको हाय." बस. 

आता माझी पंचाईत बघा. पोलादपुरात शनिवारी संध्याकाळी सहा वाजता, माझ्या मामीच्या घराच्या समोरच्या रस्त्याला, कंपनीचं ओळखपत्र गळ्यात घातलेली मी बिअरच्या दुकानाच्या रांगेत! रविवारी सकाळपर्यंत माझ्या मास्तरीण आईला चार फोन आले असते. मी सरळ लबाडी केली. लॅबच्या शिपायाला महाडातून त्याच छापाची एक बाटली आणायला लावली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि सरांकडे पोचवली. म्हटलं, बाटली ती बाटली.

सरांनी कागद सोडला. बाटली उलटीपालटी केली. मग खाली ठेवली आणि म्हणाले, "ही त्याच्याकडची नाय."

मी म्हटलं, छाप तोच आहे. तारीखही परवाचीच आहे.

"पुसलेली नाय."

मला काही कळलं नाही. मी विचारलंही नाही. चोरी पकडली गेली की माणूस फार प्रश्न विचारत नाही. पण त्या रात्री मला जेवण गेलं नाही, हे खरं सांगते.

पुढच्या शनिवारी मी ओळखपत्र पर्समध्ये घातलं, ओढणी डोक्यावरून घेतली आणि रांगेत उभी राहिले. ओढणीचा काही उपयोग झाला नाही, मागचा माणूस म्हणाला, तुम्ही मास्तरणींची मुलगी ना? माझी पाळी आली. धाकटा भाऊ म्हणजे सरच, फक्त जरा पोट सुटलेले. काय पायजे, त्यानं विचारलं. मी छाप सांगितला. त्यानं फ्रीजचं दार उघडून समोरची बाटली काढली आणि ठेवली. मी म्हटलं, सरांसाठी हवी आहे.

"कोनते सर?"

मी सांगितलं. त्यानं ती बाटली उचलून परत आत ठेवली. मग खाली बसला, गुडघे टेकून, आणि सगळ्यात खालच्या कप्प्यात पार मागे हात घातला. एक बाटली काढली. तारीख वाचली. नाही पटली, आत ठेवली. दुसरी काढली, तारीख वाचली, उभा राहिला, ट्यूबलाइटसमोर धरून आरपार बघितली. मग खांद्यावरच्या पांढऱ्या फडक्यानं तळापासून मानेपर्यंत पुसली आणि माझ्यासमोर ठेवली. मागे रांग खोळंबली होती, पण कुणी काही बोललं नाही. त्यांना सवयीचं असावं. मला सरांचं 'पुसलेली नाय' तेव्हा कळलं, आणि डोळ्यांत पाणीच आलं.

मी निघाले तर त्यानं विचारलं, दुसरीकडेच बघत, वाडीतून कानावर आलं असावं, "पायाला काय झालंय त्याच्या?"

इथं गप्प बसायला हवं होतं. जरा लचकलाय म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण सहा वर्षं त्या माणसाच्या हाताखाली काढलेली, आकडा विचारला की आकडा सांगायची सवय लागलेली. मी युरिक ॲसिडचा आकडा सांगितला. डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. बिअर कायमची बंद, हेही सांगितलं. माझ्या जिभेला हाड नाही.

त्याचा चेहरा कसा झाला ते सांगता येणार नाही. "बंद केलीय? मंग ही कोनाला?"

 त्यानं हात पुढे करून बाटली माझ्या हातातून काढून घेतली, माझी नोट मला परत दिली. "सांग त्याला, देनार नाय म्हनावं. आता पाठवू नको कोनाला." आणि रांगेतल्या पुढच्या माणसाला विचारलं, काय पायजे.

मी उमरठच्या रस्त्यानं गाडी कशी चालवली, देव जाणे. नऊ वर्षं दोन भावांमध्ये एक बाटली होती, तीही मी मोडून आले. सरांना सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता. गाळला असता तर त्यांना कळलंच असतं. ते ऐकत होते. पाय उशीवर, नजर आढ्याकडे. मी म्हटलं, सर, चुकलंच माझं.

"नाय. विचारल्यावर सांगायचंच. बरोबर केलंस," ते म्हणाले. मग काकूंनी चहा आणला, तो तसाच निवला. काकू आत जाऊन भांडी घासायला लागल्या, जरा जास्तच आवाज करत.

तो आठवडा वाईट गेला. लॅबमध्ये सर नव्हते आणि तरी कुणी 'वाटतं' म्हणत नव्हतं. शनिवारी दुपारी काकूंचा फोन आला. म्हणाल्या, "येऊन घेऊन जा यांना. ऐकत नायत." मी गेले तर सर ओटीवर तयार होऊन बसलेले. इस्त्रीचा शर्ट, एका पायात चप्पल, दुसऱ्याला पट्टी. मी म्हटलं, तो देणार नाही म्हणालाय. सर म्हणाले, "म्हाइत हाय." आणि माझ्या गाडीवर मागे बसले. खड्ड्याखड्ड्याला कण्हत होते, पण हळू चालव असं एकदाही म्हणाले नाहीत.

दुकानासमोर मी गाडी लावली. सर माझ्या खांद्यावर हात ठेवून रांगेत उभे राहिले. पुढे चार जण होते. एकानं जागा देऊ केली, सरांनी नको म्हटलं. धाकट्यानं आम्हाला बघितलं होतं. तो एकेकाला माल देत होता, नेहमीपेक्षा सावकाश. पाळी आली. सरांनी नोट ठेवली. त्यानं ती एका बोटानं परत सरकवली.

"देनार नाय."

नऊ वर्षांतला पहिला शब्द तो. सर तसेच उभे. 

"प्यायची नाय, तर नेतोस कशाला?" तो म्हणाला.

 "तुला बगायला येतो," सर म्हणाले.

धाकट्यानं फडकं खांद्यावरून काढलं आणि गल्ला पुसायला लागला. स्वच्छ होता तो, तरी पुसत होता. मागे कुणीतरी गाडीचा हॉर्न वाजवला. मान वर न करता तो म्हणाला, "मी समजलो, खोट काडायला नेतोस."

मला वाटलं, आता तरी सर नाही म्हणतील. एवढं साधं. पण नाही.

"तपासायचो," सर म्हणाले. "दर बाटली. वहीत लिवलंय."

त्याचा हात थांबला. मी सरांच्या दंडाला चिमटा काढला, त्याचा काहीच परिणाम झाला नाही.

"काय निगालं?"

"एकबी खराब निगाली नाय. नऊ वर्सांत एकबी नाय."

तो बघतच राहिला.  मग अगदी हळू, पोरानं विचारावं तसं त्यानं विचारलं, "आनि पूजेची?"

मी मनात म्हटलं, सर, आता खोटं बोला. देवाशप्पथ, एकदाच बोला. आयुष्यात एकदा.

"ती खराब व्हती," सर म्हणाले.

 धाकटा भाऊ फडक्याची घडी घालत होता, चार पदरी, मग आठ पदरी.

"व्हती," तो म्हणाला. "मलापन वास आलेला. पन पाव्हन्यांसमोर बोलायचं नव्हतंस, दादा."

"नव्हतं बोलायचं," सर म्हणाले. "माजं चुकलं."

त्यानं गल्ल्याची फळी वर उचलली. खुर्ची ओढली, तिच्यासमोर एक रिकामं खोकं ठेवलं, त्यावर ते फडकं पसरलं. मग बाहेर येऊन माझ्या खांद्यावरचा हात काढून आपल्या खांद्यावर घेतला आणि सरांना आत नेलं.

"पाय वर घे," तो म्हणाला. "आनि पुडच्या शनवारी असाच ये. पैसं आनू नको."